भावाची दारू सुटली, माझी पहारेदारी सुटत नाही : सहावलंबनासाठी थेरपिस्ट कसा शोधावा?

कृष्णाकाठची

नमस्कार. या धाग्याचा विषय माझ्या भावाचे व्यसन हा नाही, माझी स्वतःची अवस्था हा आहे, हे सुरुवातीलाच सांगते, कारण आजवर जिथे जिथे मदत मागायला गेले तिथे बोलणे दहा मिनिटांत भावाकडे वळले आणि तिथेच संपले.

मी ४३ वर्षांची आहे, सांगलीत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. वरच्या मजल्यावर मी, यजमान आणि दहावीतली मुलगी. खालच्या मजल्यावर आई आणि धाकटा भाऊ. वडील दारू पीत असत आणि पुढे भावालाही तेच व्यसन लागले. अकरा वर्षे त्याची उसनवारी फेडणे, त्याच्या साहेबांना फोन करून 'त्याला ताप आला आहे' असे सांगणे, रात्री-बेरात्री त्याला शोधायला निघणे, ही सगळी कामे मी केली. मागच्या वर्षी तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि आज आठ महिने झाले, त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. घरात सगळे आनंदात आहेत. मला मात्र आनंद होत नाही, आणि हे कोणाजवळ बोलायचीही लाज वाटते.

त्याचा कारखाना घरापासून ११ किलोमीटरवर आहे. रोज रात्री तो झोपला की मी मोबाइलचा उजेड पाडून त्याच्या मोटरसायकलवरचा किलोमीटरचा आकडा वाचते आणि वर येऊन कालनिर्णयवर, दुधाच्या नोंदीशेजारी, पेन्सिलने लिहून ठेवते. कालच्यापेक्षा २२ने वाढलेला दिसला की झोप लागते. २४ने वाढलेला दिसला की पोटात गोळा येतो, कारण त्या जादा दोन किलोमीटरांत कोणकोणती दुकाने लागतात ते मला पाठ आहे. तो कामावरून आला की खाली जाऊन पाण्याचा तांब्या मीच त्याच्या हातात देते, कारण तेवढे जवळ गेल्याशिवाय वास कळत नाही. त्याला हे ठाऊक आहे. परवा तांब्या घेताना त्याने आपणहून माझ्या तोंडासमोर श्वास सोडला आणि म्हणाला, "घे ताई, झाले समाधान?" त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला रात्रभर रडू आले.

मी तीन ठिकाणी जाऊन आले. पहिल्या समुपदेशकांनी सांगितले, "पुढच्या वेळी भावाला घेऊन या, त्याच्याशी बोलतो." दुसऱ्या बाईंनी वीस मिनिटे ऐकून घेतले आणि घर बदलून त्याच्याशी संबंध तोडायला सांगितले. तिसरीकडे जे बोलले ते चार दिवसांनी आईच्या भजनी मंडळात पोहोचले. वाचनातून मला 'कोडिपेंडन्सी' किंवा 'सहावलंबन', म्हणजे दुसऱ्याला सांभाळता सांभाळता स्वतःला हरवून बसणे, हा शब्द कळला आणि वाचताना आपलेच वर्णन कोणीतरी लिहिले आहे असे वाटले. यासाठी योग्य थेरपिस्ट कसा शोधावा? शिक्षण कोणते पाहावे, पहिल्या भेटीत काय विचारावे, आणि सांगलीसारख्या गावात गोपनीयता कशी राखावी? ज्यांनी स्वतः या वाटेने प्रवास केला आहे त्यांनी कृपया लिहावे.

मंजिरी_क

ताई, तुमचा तांब्या वाचून माझा हात थबकला, कारण माझ्याकडे तांब्याऐवजी शर्ट होता. यजमानांचा शर्ट धुवायला टाकण्याआधी कॉलर हुंगायची, ही सवय त्यांची दारू सुटल्यावरही मला चार वर्षे सुटली नव्हती.

आम्ही पुण्याच्या मुक्तांगणमध्ये गेलो होतो. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेले हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि व्यसनी माणसाबरोबर त्याचे घरही आजारी पडते ही गोष्ट तिथे मनापासून मानली जाते. पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट तिथे आहे. त्या गटात मला पहिल्यांदा कोणीतरी विचारले की, "त्यांचे ठीक आहे, तुम्ही आज जेवलात का?" मला उत्तर आठवेना.

शिवाय अल-अनॉन ही व्यसनी व्यक्तींच्या नातेवाइकांसाठी असलेली, १९५१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली संघटना महाराष्ट्रातही सभा घेते. तिथे पत्नीच असावे असे काही नाही. आई, बहीण, मुलगा, कोणीही जाऊ शकते. फी नसते, वर्गणी ऐच्छिक असते आणि आडनाव सांगावे लागत नाही. हा आजार मी निर्माण केलेला नाही, तो माझ्या ताब्यात नाही आणि तो मला बरा करता येणार नाही, ही तीन वाक्ये तिथे वारंवार ऐकू येतात. पहिले वाक्य मी लगेच मान्य केले, दुसऱ्याला वर्ष लागले, आणि तिसऱ्याशी माझे अजून भांडण चालू आहे.

मात्र गट म्हणजे थेरपी नव्हे, हे मला उशिरा कळले. गटाने मला एकटेपणातून बाहेर काढले. माझ्या लहानपणी वडिलांच्या पावलांचा आवाज ओळखून मी कशी लपत असे, तिथपर्यंत पोहोचायला मात्र थेरपिस्टच लागला. तुमचेही वडील पीत असत असे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेला आहात. त्या वाक्यापाशी थांबणारी व्यक्ती शोधा.

आबा_सातारकर

मुली, माझे वय ७१ आहे, आणि मी जे लिहितो आहे ते तुला दुखावण्यासाठी लिहीत नाही. वडील गेल्यावर थोरल्या बहिणीने धाकट्याला सांभाळणे याला आपल्याकडे आजार म्हणत नाहीत. माझ्या बहिणीने मला सांभाळले नसते तर मी आज हे लिहायला उरलो नसतो. परदेशात माणसे एकेकटी राहतात, तिथे दुसऱ्यासाठी झिजणे हा विकार वाटत असेल. तू केलेस ते कर्तव्य होते. त्याला उपचार कशाला हवेत, अशी शंका मनात येते.

कृष्णाकाठची

आबा, तुमच्या शब्दांतली माया पोहोचली. मी केलेल्या गोष्टींचा मला पश्चात्तापही नाही. पण एक प्रसंग सांगते. मुलीच्या पूर्वपरीक्षेचा पहिला दिवस होता. तिला केंद्रावर सोडायचे मी कबूल केले होते. सकाळी भावाचा फोन लागेना, म्हणून मी तिला अर्ध्या वाटेत रिक्षात बसवून दिले आणि स्टँडवर त्याला शोधायला गेले. तो कारखान्यात पोहोचला होता. फोनची बॅटरी संपली होती. मुलगी घरी आल्यावर काहीच बोलली नाही. रात्री तिने विचारले, "मामाने पिणे सोडले आहे ना ग?" कर्तव्य करणाऱ्या माणसाला दुसरे कर्तव्य दिसत असते, आबा. मला त्या सकाळी मुलगी दिसत नव्हती.

वाटसरू_ठाणे

मी २२ वर्षे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करत आहे. त्यातला बराच काळ व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांबरोबर गेला आहे. सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाला तुकड्यातुकड्यांनी उत्तर दिल्याने नुकसान होते.

आधी आबांच्या शंकेविषयी, कारण ती योग्य आहे. 'सहावलंबन' हा शब्द अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या कामातून आला आणि १९८०च्या दशकात तिथे सर्वत्र पसरला. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या यादीत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तो निदान म्हणून नाही. एकत्र कुटुंबातल्या प्रत्येक त्यागावर हे लेबल चिकटवणारा थेरपिस्ट आपल्या समाजाला ओळखतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्यासाठी किती केले हे मी मोजत नाही. 'आज हे केले नाही तर काय होईल?' असे विचारल्यावर त्या व्यक्तीच्या शरीरात काय होते, ते मी पाहतो. ज्याला थांबता येते पण जो थांबत नाही, तो कर्तव्य करतो आहे. थांबायचे ठरवूनही ज्याचे हात थरथरतात, जो रात्री पुन्हा खाली उतरून आकडा वाचून येतो, त्याला मदत हवी आहे. कृष्णाकाठची ताईंनी स्वतःच्या परीक्षणात हा फरक आमच्यापेक्षा नेमका पकडला आहे.

हे अधिकृत निदान नसल्यामुळे एक व्यावहारिक गोष्ट निघते. 'कोडिपेंडन्सी स्पेशालिस्ट' अशी पाटी शोधू नका, कारण भारतात अशी कोणतीही मान्यताप्राप्त पात्रता नाही. आपण 'व्यसनी माणसाच्या घरच्यांबरोबर तुम्ही किती काळ काम केले आहे?' असे विचारावे. शिवाय झोप उडणे, पोटात गोळा, सतत पहारा, या लक्षणांमागे चिंताविकार किंवा नैराश्य असू शकते आणि त्याची तपासणी आधी व्हायला हवी. त्यासाठी एकदा मानसोपचारतज्ज्ञांना, म्हणजे मानसोपचारात एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेल्या डॉक्टरांना, जरूर भेटावे. औषध लागेलच असे नाही, पण लागले तर ते कमीपणाचे नाही.

शिक्षणाविषयी लोकांचा फार गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात आणि औषध लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असावे लागतात. १९९२च्या कायद्यानुसार ही नोंदणी आहे, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव घालून ती पडताळता येते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. मला कोणी विचारला तर मला बरेच वाटते. समुपदेशकांमध्ये मात्र मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे वर्षानुवर्षे देखरेखीखाली शिकलेली माणसे आहेत आणि आठ दिवसांची कार्यशाळा करून पाटी लावणारीही आहेत. माझ्या पाहण्यातले काही उत्तम थेरपिस्ट पहिल्या गटातले आहेत, म्हणून त्यांना वगळू नका; पण शिक्षण कुठे झाले आणि सध्या कोणा ज्येष्ठाच्या मार्गदर्शनाखाली काम करता का, हे अवश्य विचारा. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था अशा ठिकाणांपैकी आहे जिथे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक एकत्र काम करतात. एकट्या खोलीत बसणाऱ्यापेक्षा अशा संस्थेतल्या नवशिक्याकडे जाणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते.

पहिल्या फोनवर एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा : "माझा भाऊ येणार नाही. माझ्या एकटीवर काम कराल का?" उत्तरात भावाचे नाव किती वेळा येते ते ऐका. पहिल्या भेटीतच नाते तोडायचा किंवा निभावून न्यायचा सल्ला देणारा माणूस, दोन्ही टोकांना, तुमच्या वतीने निर्णय घेतो आहे. ज्याचे आयुष्य दुसऱ्यांसाठी निर्णय घेण्यात गेले त्याला आता कोणी तिसऱ्याने निर्णय घेऊन देणे हा उपचार होऊ शकत नाही. 'रात्री केव्हाही फोन करा, मी आहे' असे म्हणणारा थेरपिस्ट सुरुवातीला देवमाणूस वाटतो. ज्याला स्वतःच्या वेळेची मर्यादा पाळता येत नाही तो तुम्हाला मर्यादा शिकवू शकणार नाही, इतके मी अनुभवाने सांगतो.

पद्धतींपैकी एकीचा उल्लेख करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे रुजली, त्यामुळे मराठीतून ती चांगली करणारी माणसे मिळतात. 'तो चांगला राहावा अशी माझी तीव्र इच्छा आहे' आणि 'तो चांगला राहिलाच पाहिजे, नाहीतर माझे काही खरे नाही' या दोन वाक्यांतल्या 'च'वर ती काम करते. बालपणाची जखम खोल असेल तर तेवढ्यावर भागत नाही आणि काम वर्षभरही चालू शकते.

आता जे सहसा कोणी सांगत नाही ते. सहावलंबनाने ग्रासलेली माणसे थेरपीत फार 'चांगली' असतात. ती वेळेआधी येतात, दिलेला गृहपाठ करतात, थेरपिस्ट दमलेला दिसला तर आपला विषय आवरता घेतात, दिवाळीला फराळाचा डबा आणतात. सत्राचा उपयोग झाला नाही तरी 'खूप बरे वाटले' असे सांगतात. म्हणजे भावाच्या जागी थेरपिस्ट येतो आणि पहारा चालूच राहतो. म्हणून ज्या दिवशी तुम्ही थेरपिस्टला 'हे मला पटले नाही' किंवा 'ही वेळ मला जमत नाही' असे म्हणाल, त्या दिवशी काम सुरू झाले असे समजा. तुमच्या नाराजीने जो दुखावत नाही आणि तिच्याविषयी कुतूहलाने विचारतो, त्याच्याकडे राहा.

गोपनीयतेविषयी : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या तिसऱ्या अनुभवात या हक्काचा भंग झाला. तक्रार करायची की नाही हा तुमचा निर्णय. पण चूक तुमची नव्हती. पहिल्या भेटीतच विचारावे की नोंदी कुठे ठेवता, त्या कोण पाहते, आणि कोणत्या परिस्थितीत गोपनीयता मोडावी लागते. जिवाला धोका असेल तर ती मोडावी लागते, आणि हे जो स्वतःहून सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. घरात मारहाण होत असेल तर मात्र हा क्रम लागू होत नाही. तिथे आधी सुरक्षितता पाहावी लागते, आणि १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी त्यासाठी आहे.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहते. इथे थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे मी दुसऱ्या राज्यात राहायला गेले तेव्हा बाई बदलाव्या लागल्या आणि त्या निमित्ताने मराठी बोलणारी थेरपिस्ट मिळाली. तिच्याकडची पहिली तीन सत्रे आधीच्या दोन वर्षांपेक्षा जड गेली. मी सारखी म्हणत होते, "मला आईची काळजी आहे." तिने विचारले, "काळजी घेता की काळजी करता?" इंग्रजीत या दोन गोष्टींसाठी दोन वेगवेगळे शब्द आहेत आणि मी सोयीने हवा तो वापरत आले होते. मराठीत शब्द एकच आहे, आणि मला पहिल्यांदा दिसले की मी दिवसभर करत असते आणि घेत जवळजवळ नसते. आईला औषध भावजय देते. मी इथून फक्त फोन करून तिला ओरडते.

ताई, आपल्या भाषेत बोलणारी व्यक्ती मिळेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा.

नदीकाठ_नांदेड

खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा २०१२ पासून चालू आहे. लोकांनी आपल्या अनुभवावरून सुचवलेल्या थेरपिस्टांची एक यादीही तिने तयार केली आहे. मला माझ्या थेरपिस्टचे नाव त्याच यादीत सापडले. फोनवरची मदत दीर्घ उपचारांची जागा घेत नाही, पण पहिले वाक्य मोठ्याने उच्चारायला ती पुरेशी आहे.

आबा_सातारकर

वाटसरू यांचे उत्तर मी दोनदा वाचले. मुली, मी माझ्या बहिणीला काल फोन केला. ती ७६ वर्षांची आहे. मी दारू सोडून ३१ वर्षे झाली. तिला विचारले, "तू अजून माझी वाट बघत जागी राहतेस का?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एसटीचा शेवटचा आवाज गेला की झोप लागते." तू थेरपिस्ट शोध. माझी आधीची शंका मी मागे घेतो.

कृष्णाकाठची

सात आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांचे मनापासून आभार. आबा, तुमच्या बहिणीचे वाक्य मी वहीत उतरवून ठेवले आहे.

मी पाच जणांना फोन केले आणि प्रत्येकाला वाटसरू यांचा प्रश्न विचारला. दोघांनी भावाला आणायला सांगितले. एकांनी नोंदणी क्रमांक विचारताच फोन आवरता घेतला. एकांची फी परवडण्यासारखी नव्हती, आणि तसे म्हणताच त्यांनी आपणहून दुसरे नाव सुचवले. त्या पाचव्या. कोल्हापुरात बसतात, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचे नाव परिषदेच्या नोंदवहीत मी स्वतः पाहिले. ५० मिनिटांच्या सत्राचे १००० रुपये घेतात. पहिल्या भेटीला एसटीने गेले, आता एक आड एक सत्र व्हिडिओवर करतो. घरात आडोसा नसल्यामुळे मी पतसंस्था सुटल्यावर तिथल्याच नोंदींच्या खोलीत बसते. मॅनेजर साहेबांनी कारण न विचारता किल्ली दिली. त्यांच्याच सांगण्यावरून, म्हणजे बाईंच्या, मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटले. झोपेसाठी थोड्या दिवसांचे औषध चालू आहे.

पहिल्या सत्रात त्यांनी भावाचे नावसुद्धा विचारले नाही. दुसऱ्यात वडिलांविषयी विचारले, आणि मंजिरीताई, तुम्ही म्हणालात त्या वाक्यापाशी त्या खरोखरच थांबल्या. मी सात वर्षांची असताना आई मला दाराशी उभी करून सांगायची, "बाबा कसे येतात ते बघून ये." मी बघून यायचे आणि आई त्याप्रमाणे ताट वाढायची किंवा झाकायची. ही आठवण मला होती, पण ती 'नोकरी' होती असे कधी वाटले नव्हते. बाईंनी विचारले, "त्या मुलीला कोणी घरात बोलावले का?"

कालनिर्णयवर आकडा लिहिणे थांबलेले नाही. त्यांनी थांबवायला सांगितलेही नाही. आकडा वाचायला खाली उतरण्याआधी पाच मिनिटे जिन्यात बसायचे आणि छातीत काय होते ते पाहायचे, एवढेच सांगितले आहे. गेल्या पंधरवड्यात तीन रात्री मी जिन्यातूनच परत वर आले.

आणि वाटसरू, एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम कळवायची होती. त्यांनी मला मंगळवारी दुपारी चारची वेळ दिली होती. ती मला अजिबात सोयीची नव्हती. रोखपालाला माझे काम देऊन निघावे लागत असे, तरी मी "चालेल, चालेल" म्हणून तीन आठवडे जात राहिले. चौथ्या सत्राच्या शेवटी, दाराशी पोहोचल्यावर, मी म्हणाले की ही वेळ मला जमत नाही. माझा आवाज कापत होता. त्या म्हणाल्या, "बरे झाले सांगितलेत. गुरुवारी सहा चालेल का?" मी लगेच हो म्हणणार होते. मग त्यांना सांगितले की घरी विचारून उद्या कळवते, आणि मुलीच्या शिकवणीची वेळ पाहून दुसऱ्या दिवशी साडेसहा कळवले.